दुबार मारणारी प्रेस

डब्यांच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे 'वहिनी' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. कारखान्याचा खरा भोंगा एखाद्या दिवशी बंद पडला असता, तरी हिच्या आवाजावर पाळी सुटली असती. हे नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला अजिबात राग नव्हता. जगातल्या बाकी बहुतेक गोष्टींचा होता.

आवाज तिला माहेरून मिळाला होता. वडील आयुष्यभर लोखंड ठोकायच्या शेडमध्ये राबले आणि चाळिशीतच कानांनी गेले. त्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागे. अशा घरातली मुलगी पडली एका फिटरच्या पदरी, आणि तो असा की त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लावावा लागेल. तो याच कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याला विचारलं होतं, "अहो, तुम्ही दिवसभर तिथे करता तरी काय?"

त्याने बाटलीचं एक बूच घेतलं, टेबलावर टाचणीने रोवलं, बुचाच्या कडेला एक काडी अडकवली आणि काडीचं दुसरं टोक दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत सरकवलं. मग तो बूच फिरवायला लागला. बूच गोल फिरत होतं आणि फटीतलं टोक पुढे-मागे, पुढे-मागे सरकत होतं.

"मोटरला फक्त गोल फिरता येतं," तो म्हणाला. "पत्र्यावर मार तर सरळ बसायला हवा. मधे जे काही आहे, हा दांडा, ही फट, ते सांभाळायचं. एवढंच काम."

एका दमात त्याने इतकं बोललेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला नवरा आवडला.

पुढे तीही त्याच कारखान्यात प्रेसवर लागली. डब्यांची झाकणं काढायच्या प्रेस ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पोटाशी एक स्टूल. बाजूला जड चाक पट्ट्यावर सतत फिरत असे. बाईने डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पत्र्याची चकती ठेवायची, हात मागे घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं. पेडल दाबलं की आतल्या क्लचची चावी, म्हणजे एक लोखंडी खुंटी, चाकात अडकायची, वरचा क्रँक एक फेरा घ्यायचा आणि त्याला जोडलेला दांडा रॅमला, म्हणजे वरच्या जड ठोकळ्याला, खाली ढकलायचा. धप्प. चकतीचं झाकण व्हायचं. रॅम परत वर जाऊन थांबायचा. बाईने झाकण काढायचं, नवी चकती ठेवायची. दिवसभर हेच. हात आणि रॅम यांची भेट होऊ नये, एवढ्यावर सगळा संसार चाललेला.

धाकट्या जावेला कारखान्यात आणली ती हिनेच. धाकटी घरी बसून लहान मुलांचे कपडे शिवायची. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू, पण हात असा चालायचा की बघत राहावं. थोरली तिला म्हणाली, "इथे अंधारात डोळे फोडत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर. पायाने पेडल मारायची तुला सवयच आहे." धाकटी नको नको म्हणत होती. हिने तिचा डबा भरला आणि दंडाला धरून नेलं. थोरलीचं प्रेमही असंच असायचं, समोरच्याला विचारायची पद्धत नव्हती.

आणि धाकटी रमली की! शिवणाच्या मशीनवर तिने जो ताल कमावला होता तो इथे कामाला आला. बायका म्हणायच्या, "हिची झाकणं मोजायची नाहीत, नुसती वजनावर घ्यायची."

कोपऱ्यातली प्रेस दुबार मारायला लागली ती त्याच सुमारास. म्हणजे पेडल एकदा दाबायचं, रॅम खाली येऊन वर जायचा, आणि थांबायचं सोडून पुन्हा एकदा खाली यायचा. आपल्या आपण. रोज नाही. कधी आठवड्यात एकदा, कधी दिवसात दोनदा. त्या प्रेसवर एक मावशी बसायची, ती म्हणाली, "हिला उचकी लागते." सगळ्या हसल्या. थोरलीही हसली. त्या हसण्याबद्दल ती पुढे स्वतःलाच कितीतरी दिवस शिव्या देत होती.

हसून झाल्यावर तिने घरी फिटरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने प्रेसचं झाकण उघडून बघितलं. क्लचमधल्या चावीची धार झिजून गोल झाली होती, चोखलेल्या गोळीसारखी. ती सुटायच्या वेळी कधी सुटत होती, कधी नव्हती, आणि पेडल न दाबताही चाकात अडकायची भीती होती. तो मॅनेजरकडे गेला.

मॅनेजर म्हणाला, "मोठा माल निघायचाय. तो जाऊ दे, मग उघडू. तोपर्यंत ब्रेक आवळून घे."

फिटरने ब्रेक आवळला. चार दिवस प्रेस शहाण्यासारखी वागली. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असलेली पुढची जाळी कधीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, कारण जाळी असली की हात हळू चालतो. ती परत लावावी असं कुणी म्हणालं नाही. फिटरही नाही.

एके दिवशी मावशी तापाने फणफणली आणि कामावर आली नाही. कोपऱ्यातल्या प्रेसवर कुणाला बसवायचं? जिचा हात सगळ्यात जास्त चालतो तिला. धाकटी उठून तिकडे गेली.

थोरलीची पाठ त्या बाजूला होती. तिने किंकाळी ऐकलीच नाही, कारण धाकटी ओरडलीच नाही. तिने फक्त ताल चुकलेला ऐकला. धप्प, आणि लगेच पाठोपाठ, जिथे काहीच यायला नको होतं तिथे, पुन्हा धप्प. ती वळली. धाकटी स्टुलावर ताठ बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

दवाखान्यात थोरलीने डॉक्टरवर आवाज चढवला, नर्सवर चढवला, लिफ्ट उशिरा आली म्हणून लिफ्टवरही चढवला. धाकटी घरी आली ती हाताला पांढरं गाठोडं घेऊन. ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. दीर, म्हणजे फिटरचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवायचा. त्याने गाडी उभी करून ठेवली आणि बायकोला घास भरवायला लागला. ती तोंड फिरवायची. "डावा हात आहे मला," म्हणायची.

काही दिवसांनी मॅनेजरने दिराला बोलावलं. कारखाना काय करणार, बायकोला परत घेणार की नाही, हे विचारायला तो तसाही जाणारच होता. संध्याकाळी परत आला तेव्हा थोरली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि धाकटी तिच्या खुर्चीत होती. दिराने चपला काढल्या, पाणी प्यायलं.

"काय म्हणाले?" थोरलीने विचारलं.

"म्हणाले, निष्काळजीपणा झाला. लक्ष नव्हतं हिचं."

"कोण म्हणालं? तो मॅनेजर? त्याच्या तोंडाला काय हाड आहे का? प्रेस दुबार मारत होती हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे!"

दीर तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्यांनी दादाला आत बोलावलं, वहिनी. माझ्यासमोर विचारलं, फिटर, मशीन ठीक होतं ना? दादा म्हणाला, ठीक होतं." रिकामा पेला पालथा घालत तो पुढे म्हणाला, "आता दादाच म्हणतो म्हटल्यावर... चुकलंच असेल हिचं."

धाकटीने हे ऐकलं. गाठोडं मांडीवर घेतलं, त्यावर दुसरा हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

थोरलीने सुरी खाली ठेवली. ती इतक्या हळू ठेवली की दीरच घाबरला.

फिटर आला तेव्हा ती दारातच उभी होती. त्याला पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

"मशीन ठीक होतं?"

त्याने मान वळवून शेजारच्या दारांकडे बघितलं.

"मी विचारतेय, मशीन ठीक होतं का?"

"आत चल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! झिजलेली चावी कुणी बघितली होती? मला कुणी सांगितलं होतं? चोखलेल्या गोळीसारखी झालीय, हे शब्द कुणाचे?"

"माझे."

"मग?"

फिटरने पिशवी खांद्यावरून काढून छातीशी धरली. "मशीन खराब होतं म्हणालो असतो, तर खराब मशीन चालू का ठेवलं, हे मलाच विचारलं असतं. दुरुस्तीला मी आहे. मॅनेजर हात झटकून मोकळा झाला असता. मला काढलं असतं. या घराचं काय झालं असतं?"

"आणि तिचं काय झालंय ते दिसतंय का? आत बसलीय ती! तिची बोटं गेली आणि वर बोल तिलाच! नवराही आता तिच्यावरच संशय घ्यायला लागलाय, तुमच्या एका शब्दापायी! अहो, तोंड उघडायला तुम्हाला वर्ष लागतं, आणि उघडलंत ते यासाठी?"

तो पिशवीचा बंद चाचपत राहिला. इतकी वर्षं त्याच्या गप्प बसण्याला ती साधेपणा समजत आली होती. आता तिला त्याची शिसारी आली. तिने आपलं अंथरूण उचललं आणि धाकटीच्या खोलीत नेऊन टाकलं. दीर मुकाट्याने बाहेरच्या खोलीत गेला. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, इथे जागा कमी आहे."

"मग मी उभी राहते," थोरली म्हणाली, आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यातली प्रेस पुन्हा चालू करायचं ठरलं. चावी बदललेली नव्हती. ब्रेक परत आवळला होता आणि डाय पुसून काढली होती, इतकी लख्ख की मावशी बघून दोन पावलं मागे सरली. मावशी म्हणाली, मी बसणार नाही. मॅनेजरने दुसरीला सांगितलं, तीही अडून राहिली. तो चिडला. "एका बाईच्या चुकीपायी काय मशीन भंगारात घालू?"

थोरली आपल्या स्टुलावरून उठली.

"मी बसते," म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली, उजव्या पायातली चप्पल काढली, पाय पेडलवरून मागे घेऊन स्टुलाच्या दांडीवर ठेवला. मग उजवा हात पसरून डायवर ठेवला, पालथा, बोटं मोकळी. वर रॅम होता. मोटर बंद होती, चाक थांबलेलं होतं.

"लावा मोटर," ती म्हणाली.

मॅनेजर पुढे आला. "बाई, हा काय तमाशा आहे? हात काढा."

"का? माझा पाय पेडलवर नाही, बघा. पाय नसला की रॅम खाली येत नाही. नुसतं चाक फिरतं. ठीक असलेलं मशीन असंच असतं ना साहेब? आणि मशीन तर ठीक आहे. फिटरने तसं सांगितलंय."

बाकीच्या प्रेस एकेक करून थांबल्या. इतकी शांतता त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या कधी झाली नव्हती. फिटर बटणांच्या पेटीपाशी उभा होता. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"लाव मोटर. तू म्हणालास ना ठीक आहे? मग लाव."

इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं. भांडतानाही नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"फिटर, बायकोला आवर," मॅनेजर म्हणाला. ती हलेना तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला. "बरं, लाव रे मोटर. चाक फिरायला लागलं की आपसूक उठेल."

फिटरचा हात बटणापर्यंत गेला. तिला तो दिसत होता. आपण खरंच बसून राहणार का, हे तिला त्या क्षणीही माहीत नव्हतं. तिने नंतर सांगितलं की हात उचलायचा म्हटलं असतं तरी तो उचलला गेला नसता, इतका राग त्या हातात उतरला होता.

फिटरने बटण दाबलं नाही. तो सरळ प्रेसच्या मागे गेला, चाकावरचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि शेडच्या मधोमध फेकला.

"मशीन खराब आहे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्या बायकांना ऐकू आला नाही. मग त्याने घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मशीन खराब आहे. चावी झिजलीय. मला अपघाताआधीपासून माहीत होतं. साहेबांनाही मी सांगितलं होतं. तिची काही चूक नव्हती."

बायकांतून एक आवाज उठला, टाळ्याही नव्हे आणि ओरडाही नव्हे. मावशी रडायला लागली. मॅनेजर काहीतरी बोलत होता, ते कुणी ऐकलं नाही.

फिटर तिच्याजवळ आला. आता ती उठेल, काहीतरी बोलेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं असावं. तिने डायवरचा हात उचलला, त्यावर उमटलेल्या गोल वळाकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"माझा हात होता म्हणून बोललास," ती म्हणाली. "तिचा होता तेव्हा नाही बोललास."

आणि ती आपल्या जागेवर निघून गेली.

नंतर जे झालं ते थोडं बरं झालं, थोडं वाईट. सगळ्या बायकांनी त्या दिवशी काम थांबवलं ते दुसऱ्या दिवशीही सुरू केलं नाही. मालक, जो एरवी फक्त काचेआडून दिसायचा, तो शेडमध्ये आला. प्रेस उघडली गेली. नवा क्लच बसला, सगळ्या जाळ्या परत लागल्या आणि पुढे पेडल काढून दोन बटणं आली, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम हलणार नाही अशी. धाकटीवरचा ठपका पुसला गेला आणि तिला माल तपासायच्या टेबलावर घेतलं. फिटरला मात्र काढलं. कारण अगदी तेच, जे त्याने सांगितलं होतं: मशीन खराब आहे हे माहीत असून चालू ठेवलं. मॅनेजरला मालकाने दम दिला म्हणतात. तो आहे तिथेच राहिला.

थोरलीला वाटलं होतं, धाकटी निदान आपल्याजवळ मन मोकळं करेल. फिटरने खरं सांगितलं त्याच संध्याकाळी ती बातमी सांगायला हिने जवळजवळ धावतच घर गाठलं होतं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला? हात गेला असता म्हणजे? मग घरात दोघी बसलो असतो, एकमेकींची बोटं मोजत!"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाही. तुम्हाला राग आला म्हणून. तुम्हाला राग आला की तुम्ही सगळ्या कारखान्यासमोर हात ठेवता. मला आला तर मी काय ठेवू? मला कारखान्यात न्यायलाही तुम्हीच आला होतात. तेव्हाही विचारलं नव्हतं."

थोरलीला आयुष्यात प्रथमच उलटून बोलता आलं नाही. ती तिथेच, जमिनीवर बसली. धाकटीने डाव्या हाताने पाण्याचा पेला भरला. निम्मं पाणी सांडलं. तिने पेला हिच्यापुढे आदळला आणि स्वतःही शेजारी बसली. मग दोघी रडल्या, आणि दिराने दारातून डोकावून बघितलं तर दोघी त्याच्यावर एकदम खेकसल्या. बायकोवर संशय घेतल्याबद्दल त्या दिवशी त्याची जी बिनपाण्याने हजामत झाली, ती तो अजून विसरलेला नाही.

फिटरला पुढे एका सायकलच्या दुकानात काम मिळालं. पगार कमी, डोक्याला ताप नाही. थोरलीचं अंथरूण बऱ्याच महिन्यांनी परत आपल्या खोलीत आलं. तिने त्याला माफ केलं का, असं मावशीने एकदा विचारलं होतं. थोरली म्हणाली, "माफ कसलं डोंबलाचं. सवय झाली." पण तो घरी आल्यावर आता दिवसभराचं काहीबाही सांगायला लागला होता, कुणाचं चाक आलं, कुणाचा ब्रेक गेला, आणि ती ते पुरतं ऐकून घ्यायची. 'अहो' मात्र गेलं ते गेलं. ती त्याला 'तू'च म्हणते. त्यानेही कधी तक्रार केली नाही.

धाकटीने शिवणाचं मशीन पुन्हा उघडलं. सुरुवातीला कापड वाकडं जायचं, ती उसवायची, परत शिवायची. थोरली मदतीला पुढे झाली की ती म्हणायची, "ताई, बाजूला व्हा." मागच्या महिन्यात तिने थोरलीला एक झबलं दाखवलं. शिवण जरा तिरकी होती.

"छान झालंय," थोरली म्हणाली.

"खोटं बोलू नका."

"बरं. बाही वाकडी आहे."

"दिसतंय मला," धाकटी म्हणाली आणि बाही उसवायला घेतली.